तिसऱ्या अंकातली आई

गुणाजीचा मनमोहन गेल्या महिन्यात तीनदा येऊन गेला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो आमच्या चाळीच्या नाट्य मंडळाचा सेक्रेटरी आहे. चाळ कधीच गेली, तिच्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर आला, पण मंडळ आहे. माणसांपेक्षा मंडळं चिवट असतात. टॉवरच्या पहिल्या मजल्यावर एक हॉल बांधलाय, त्याला माझ्या आजीचं नाव द्यायचं घाटतंय. मी दादरहून करी रोडला यावं, तिच्या फोटोला हार घालावा आणि तिच्यावर चार शब्द बोलावेत, एवढीच त्याची मागणी. मी सत्त्याऐंशीची आहे. मला आता जिने चढवत नाहीत आणि कौतुकाची भाषणं ऐकवत नाहीत. पण मनमोहन बापावर गेलाय, नको म्हटलेलं त्याच्या कानात शिरत नाही.

तिसऱ्या खेपेला तो निमंत्रणपत्रिकेचा मसुदा घेऊन आला. माझी लेक बेबी हिने तो मला वाचून दाखवला. 'गिरणी कामगार, समाजसेविका आणि अनेक नाटकांतून भूमिका गाजवणाऱ्या ज्येष्ठ रंगकर्मी कै. कौसल्याबाई परब.' मी बेबीला तिथेच थांबवलं. मनमोहनला म्हटलं, माझ्या आजीने आयुष्यात एकाही नाटकात भूमिका केलेली नाही. म्हाताऱ्या माणसांकडे बघून हसतात तसा तो हसला. म्हणाला, असं कसं मावशी, बाबा तर नेहमी सांगायचे, नाटक कळावं तर कौसल्याकाकींना.

कळत होतंच. त्याबद्दल वाद नाही. पण तिला एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर उभं राहून चार मिनिटं बोलायचं होतं, आणि ते झालं नाही. का झालं नाही हे मनमोहनला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्याला चहा पाजला आणि बघू म्हणून वाटेला लावलं. आता तो गेल्यावर लिहायला बसलेय. बोलण्यापेक्षा हे बरं, मध्ये कोणी टाळ्या वाजवत नाही.

आजी सावंतवाडीकडची. नवरा गेल्यावर सहा वर्षांच्या मुलाला, म्हणजे माझ्या वडिलांना, कडेवर घेऊन ती लालबागला आली आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात बदली म्हणून लागली. बदली म्हणजे रोज सकाळी भोंगा व्हायच्या आत गेटवर जाऊन उभं राहायचं. खात्यात कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नसेल तर हात हलवत घरी. सहा वर्षं ती अशी गेटवर उभी राहिली. मग कायम झाली, पण स्वभाव बदलीचाच राहिला. चाळीत कुठे माणूस कमी पडलं की ही तिथे हजर. कोणाची बाळंतीण, कोणाचा आजारी सासरा, कोणाच्या घरचं अडलेलं लग्न. आपल्या घरात माणूस कमी पडतंय हे मात्र तिला शेवटी दिसायचं.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला आजीनेच वाढवलं, ते मी नाकारत नाही. पण मला गोवर आला तेव्हा ती खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी न्यूमोनियाशी झगडत होती. माझी मॅट्रिकची परीक्षा सुरू असताना दोन्ही वेळची चूल माझ्याकडे, कारण ती महिला समितीच्या बैठकीला गेलेली. लोक मला म्हणायचे, काय नशीब काढलंस पोरी, अशी आजी मिळायला भाग्य लागतं. मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, घ्या मग घरी, दोन दिवस ठेवून बघा.

आता नाटकाचं सांगते. चाळीचं मंडळ दर गणपतीत तीन अंकी नाटक करायचं. कार्डिंग खात्यातले जॉबर, म्हणजे मुकादम, बाबुराव ते लिहायचे, बसवायचे आणि त्यात राजाही व्हायचे. सगळे नट गिरणीतले, कोणाची कधी कोणती पाळी लागेल याचा नेम नाही. म्हणून बाबुरावांनी गिरणीचाच नियम मंडळाला लावला. प्रत्येक भूमिकेला एक बदली. कायम माणूस पाळीत अडकला तर बदलीने रंगायचं आणि उभं राहायचं. बायकांच्या भूमिका साचेखात्यातला गुणाजी करायचा. श्रावण लागला की तो मिशी उतरवायचा आणि त्याची बायको महिनाभर त्याच्याशी धड बोलायची नाही. घरंदाज बाईने नाटकात उभं राहणं तेव्हा आमच्याकडे बसत नव्हतं, पण बदलीच्या रकान्यात नाव लिहायला कोणाची हरकत नव्हती. तिथे बाबुरावांनी आजीचं नाव लिहिलं.

अकरा वर्षं ती गुणाजीची बदली होती. अकरा वर्षांत अकरा नायिका तिच्या तोंडपाठ झाल्या. तालमीच्या वेळी ती कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायची आणि ओठ हलवायची. आणि अकरा वर्षांत गुणाजी एकदाही गैरहजर राहिला नाही. एका वर्षी तो तापाने फणफणला होता. बाबुरावांनी आजीला निरोप पाठवला, तयार राहा. ती उठली, गवती चहाचा काढा केला, गुणाजीला पाजला, त्याचं अंग शेकलं आणि त्याला रंगायला बसवलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मी तिला विचारलं की तुला स्वतःला जायचं नव्हतं का. ती म्हणाली, आजारी माणसाचं काम हिसकावायचं नसतं. मला तेव्हाही तिचा राग आला होता.

मग छप्पन्न सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हटल्यावर गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि गोळीबार झाला. आमच्या चाळीतला कुशाबा सकाळी बाहेर पडला तो परत आला नाही. त्याची बायको राधाबाई आमच्याच मजल्यावर राहायची, पंचवीस-सव्वीस वर्षांची, पदरात दोन मुलं. तिच्याबरोबर इस्पितळात कोणी जायचं याची चर्चा चाळीत चाललेली असताना आजी पायात वहाणा घालून निघालीसुद्धा होती. दोघी संध्याकाळी परतल्या. राधाबाई रडत नव्हती. एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा बोलत होती, ते न जेवता गेलेत, काकी, भाकरी तशीच आहे टोपलीत. आजीने ती टोपली उघडली नाही. राधाबाईला आणि तिच्या मुलांना आमच्या खोलीत आणलं. तेरा दिवस आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं होतो. त्याच आठवड्यात अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पोलिसांनी धरून नेलं. ते तीन महिने आत होते. आजी पहिली पाळी करायची, दोन घरांचं रांधायची आणि तुरुंगात डबा पोचवायची. रात्री ती भिंतीला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायची, कारण आडवं पडायला जागा नसायची.

बाबुरावही आतच होते. आत बसून त्यांनी नाटक लिहिलं आणि सुटल्यावर आमच्या खोलीत वाचून दाखवलं. एका गिरणी कामगाराची गोष्ट होती. दोन अंक नेहमीचे होते, आरडाओरडा आणि घोषणा. तिसऱ्या अंकात मुलगा गोळीबारात गेलेला असतो आणि पुढारी आईकडे हार घेऊन येतात. आई चुलीपुढे बसलेली असते. ती म्हणते:

"हार कोपऱ्यात ठेवा. तुम्ही त्याला हुतात्मा म्हणा, तुमचा तो हक्क आहे. मी त्याला सकाळी न जेवता गेलेला म्हणेन. त्याची भाकरी टोपलीत झाकून ठेवलीय. ती मी कुणाला देणार नाही आणि टाकणारही नाही. मुंबई तुमची झाली की या, आणि मला सांगा, आता झाकण काढ म्हणून."

भाषण याहून मोठं होतं, पण गाभा हा. वाचून झालं. राधाबाई दारात उभी होती. आजीनेच बाबुरावांना ते वाक्य सांगितलं असणार, हे तिला कळलं होतं. मला वाटलं ती आता भांडेल. पण ती म्हणाली, "हे पुरुषाने लुगडं नेसून बोलायचं नाही. काकी, तुम्हीच बोला." गुणाजीने लगेच मान डोलावली, म्हणाला ह्या काम माझ्याच्यान होवचा नाय. बाबुरावांनी वही काढली, आईच्या भूमिकेपुढे कौसल्याबाई लिहिलं आणि बदलीच्या रकान्यात गुणाजी. सगळे हसले. कित्येक दिवसांनी आमच्या खोलीत कोणी हसलं होतं.

मी आजीकडे बघत होते. साठीला टेकलेली बाई, पण नव्या नवरीसारखी तिने मान खाली घातली होती. तिला ते किती हवं होतं हे मला त्या क्षणी कळलं. हे मी मुद्दाम लिहितेय. मला कळलं नव्हतं असं मला पुढे कधी म्हणता येणार नाही.

त्यानंतर चार वर्षं ते नाटक होऊ शकलं नाही. छप्पन्नच्या गणपतीत परवानगी मिळाली नाही आणि बाबुरावांना पुन्हा आत टाकलं. सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. अर्धी चाळ अंथरुणाला खिळली आणि आजी खोल्या-खोल्यांतून पेजेचं पातेलं घेऊन फिरली, शेवटी स्वतः पडली. अठ्ठावन्न साली गणपतीची वाट न बघता मे महिन्यातच नाटकाची तारीख ठरली आणि नेमका तोच मुहूर्त माझ्या सासरच्यांनी लग्नाला धरला. आजी म्हणाली, नाटक काय पळून जातंय. एकोणसाठ साली गिरणीत कपात झाली, मंडळातली अर्धी माणसं घरी बसली. कपात झालेल्या माणसाला मिशी उतरवा म्हणून कोण सांगणार.

या चार वर्षांत आजीने ते भाषण सोडलं नाही. भाकऱ्या थापताना ती ते म्हणायची. भाकरी तव्यावर टाकली की 'हार कोपऱ्यात ठेवा', उलटली की 'तुमचा तो हक्क आहे'. एरवी ती घरात मालवणी बोलायची, हे मात्र शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ. बाबुरावांनी सांगितलं होतं की दुसऱ्या वाक्यावर उठायचं, एक हात गुडघ्यावर ठेवून, सावकाश. तिचे गुडघे तोवर खरेच गेले होते, त्यामुळे अभिनय करावा लागत नव्हता. भाषण मलाही पाठ झालं होतं. अजून आहे.

साठ सालच्या एप्रिलमध्ये मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. बावीस तारखेला मुलगी झाली. एक मेला महाराष्ट्र होणार हे ठरलेलंच होतं. त्या दिवशी रविवार आला होता, गिरण्या बंद, सगळं मंडळ मोकळं. बाबुरावांनी चाळीपुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला. आता काही आडवं येणार नाही असं जो तो म्हणत होता. मी आत बाळंतिणीच्या बाजेवर पडून शेक घेत होते आणि बाहेरचं सगळं ऐकत होते. मला कशाचाच आनंद होत नव्हता. बाळंतपण कठीण गेलं होतं, अंगात रक्त नव्हतं, नऊ रात्री सलग झोप नव्हती. आजी दिवसा माझं न्हाणं-शेकणं करायची, पण जरा सवड मिळाली की कोणीतरी दारात यायचं. काकी, पताका कोणत्या खोलीत ठेवू. काकी, मुंबई मिळाली, पेढे किती सांगू. काकी, जरा खाली येता का.

त्या रविवारी दुपारपासून बाळ रडायला लागलं. अंगावर पिईना, पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं. आजीने पोटाला हिंग लावला, ओव्याची धुरी दिली, पालथं घालून पाठीवर थापटलं. पोटात दुखतंय, दुसरं काही नाही, असं ती म्हणाली. मला ते पटेना. मी मनात नको नको ते बघत होते. पाच वाजता आजीने अंघोळ केली आणि राधाबाईने आणून दिलेलं लुगडं नेसली. हिरव्या काठांचं, विटलेलं. इस्पितळात जाताना राधाबाईच्या अंगावर होतं तेच. नेसून ती माझ्यापुढे उभी राहिली. मी काहीतरी म्हणावं असं तिला वाटत होतं. मी बाळाकडे बघत राहिले.

साडेसहाला नाटक सुरू झालं. आजीचं काम तिसऱ्या अंकात, साडेआठच्या सुमाराला. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, मांडवाच्या अगदी वर. लाऊडस्पीकरमधून सगळं ऐकू येत होतं. दुसरा अंक निम्मा झाला तरी बाळ रडतच होतं. तेव्हा राधाबाई वर आली. ती म्हणाली, काकी, तुम्ही निघा, मी बसते पोरीजवळ. दोन पोरं वाढवलीत मी, पोटदुखी मला कळते.

मी म्हटलं, "नको. तिला आजीच लागते."

नऊ दिवसांच्या पोरीला काय कळतंय कोणाचे हात आहेत ते. राधाबाईला हे कळत होतं आणि आजीलाही. आजी माझ्याजवळ आली, बाजेच्या कडेला बसली.

"जाव मी?" तिने विचारलं. "अर्ध्या तासाचा काम आसा. खालीच तर आसंय."

ती मला विचारत होती. चाळीतल्या कोणाकडे जाताना तिने मला कधी विचारलं नव्हतं. हो म्हणायला मला एक शब्द पुरला असता. पण माझ्या आत बावीस वर्षांचं काहीतरी साठलं होतं, ते बाहेर आलं.

"जा ना," मी म्हटलं. "माझ्यासाठी कधी थांबली आहेस तू?"

ती उठली, आडोशाला गेली आणि लुगडं सोडून आपलं रोजचं नेसून आली. हिरव्या काठांच्या लुगड्याची तिने नीट घडी घातली, काठावर काठ ठेवून, आणि ती राधाबाईच्या हातात दिली. गुणाजीला दे म्हणाली, आणि दुसऱ्या वाक्यावर उठायचं ते त्याला आठवण कर. राधाबाईने घडी घेतली. जाताना तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. तशा नजरेने माझ्याकडे पुन्हा कोणी बघितलं नाही, आणि मला तिचा राग मानायचा अधिकार नव्हता.

इथवर मी बेबीलाही कधीतरी सांगितलेलं आहे. ती म्हणते, आई, तू बाळंतीण होतीस, घाबरली होतीस, सोड आता. घाबरले होते, खरं आहे. पण पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही.

आठ वाजता बाळ शांत झालं. आजीच्या मांडीवर एक मोठा ढेकर दिला, घटाघटा प्यायलं आणि झोपलं. दुसरा अंक नुकता संपला होता. मध्यंतरात बाबुराव स्पीकरवरून नव्या राज्याबद्दल बोलत होते. तिसरा अंक सुरू व्हायला अजून वेळ होता, आणि दोन जिने उतरायला आजीला पाच मिनिटं लागली असती. गुणाजीने लुगडं सोडून तिला दिलं असतं, धावत दिलं असतं. आजीने बाळाला माझ्या कुशीत ठेवलं आणि माझ्याकडे वाकून बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

ती एकदा हळूच म्हणाली, "मीने." मी श्वास लांब केला. माझा एक हात तिच्या पदरावर पडला होता. तो मी तसाच ठेवला, आणि हे लिहायला नको वाटतं, पण पदराचं टोक मी मुठीत धरलं. झोपेत धरावं तसं. मला बाळाची भीती राहिली नव्हती. मला फक्त एक संध्याकाळ ती हवी होती, चाळीची नाही, मंडळाची नाही, राधाबाईची नाही. एवढंच. मागायची पद्धत मला माहीत नव्हती, कारण आमच्या घरात कोणी काही मागायचं नाही, आजी न मागता दुसऱ्यांना द्यायची.

तिसरा अंक सुरू झाला. पडदा ओढायला अप्पा होते, त्यांना वरच्या भानगडीचा पत्ता नव्हता. आईच्या जागी गुणाजी आल्याचं बघून मांडवात कुजबूज झाली असावी, स्पीकरमधून काही वेळ नुसती खरखर आली. मग गुणाजीचा आवाज आला. गोळीबाराच्या दिवसांत त्याच्या गुडघ्यावर लाठी बसली होती, तेव्हापासून तो लंगडायचा. त्याच्या पायांचा आवाजसुद्धा वर येत होता. हार कोपऱ्यात ठेवा, तो म्हणाला. पुढचं वाक्य म्हणाला. न जेवता गेलेला, इथपर्यंत आला आणि थांबला. अकरा वर्षांत कधी न अडखळलेला गुणाजी अडकला. पुढे पहिल्या रांगेत राधाबाई बसली होती, तिच्याकडे बघून त्याला पुढचं बोलवेना, हे त्याने नंतर सांगितलं.

आजी जागेवरून उठली. पदर माझ्या मुठीतून तिने अगदी हळू सोडवला. मी पापण्यांच्या फटीतून बघत होते. ती चुलीपुढे जाऊन बसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मोठ्याने नाही, बाळ उठणार नाही एवढ्या आवाजात. हार कोपऱ्यात ठेवा. दुसऱ्या वाक्यावर एक हात गुडघ्यावर ठेवून ती सावकाश उभी राहिली. भाकऱ्यांची टोपली फळीवर होती. 'त्याची भाकरी टोपलीत झाकून ठेवलीय' म्हणताना तिने टोपलीकडे बोट दाखवलं नाही, बघितलंही नाही. तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. हे बाबुरावांनी सांगितलेलं नव्हतं. इतकी वर्षं भाकऱ्या थापताना तिने ते कधी ठरवलं असेल कोण जाणे. मला कळलं की झाकलेल्या टोपलीकडे त्या आईला बघवत नसणार. राधाबाईलाही बघवलं नव्हतं.

तिने भाषण शेवटपर्यंत म्हटलं. एक शब्द गाळला नाही. आणि हे सगळं ती बाजेकडे तोंड करून म्हणत होती.

तिचं संपलं तरी खाली गुणाजी अजून चाचपडतच होता, कोणीतरी त्याला विंगेतून शब्द पुरवत होतं. मग त्याचंही झालं आणि खूप टाळ्या पडल्या. टाळ्या सुरू होत्या तेव्हा आजी पिंपातून पाणी काढून माझ्यासाठी तांब्यात भरत होती. मांडवातल्या लोकांनी घोषणा दिल्या, फटाके वाजले, बाळ दचकून हललं, तिने त्याला थोपटलं. नंतर ती भिंतीला पाठ टेकून बसली आणि लगेच झोपली. खूप दमली होती. तोंड उघडं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिची पहिली पाळी होती. पहाटे तिने माझी पेज करून ठेवली, आपला डबा बांधला, बाळाचं अंग चाचपून बघितलं. दारात वहाणा घालताना मागे न बघता म्हणाली:

"खऱ्या झोपेत तोंड उघडा पडता, मीने. ओठ असे मिटून धरूचे नसतत. नाटकात तुझा काय खरा नाय."

आणि हसली. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, भांडले असते, गोवराचं आणि मॅट्रिकचं काढलं असतं. ती हसली आणि भोंग्याच्या आधी गेटवर पोचायला निघून गेली. बाळाला बारशापर्यंत सगळे बेबी म्हणत होते, पुढेही तेच राहिलं. राधाबाई बारशाला आली, बाळाच्या हातावर रुपया ठेवला, माझ्याशी बोलली नाही. ते नाटक मंडळाने पुन्हा केलं नाही, कारण मुंबई मिळाली होती आणि आता लोकांना विनोदी हवं होतं. बासष्टच्या पावसाळ्यात आजी गेली. तेव्हा मी सासरी होते, पोचायला उशीर झाला. चाळीने सगळं केलं.

काल संध्याकाळी मनमोहनचा फोन आला. पत्रिका छापायला द्यायची आहे, तर ती ओळ काढू का, असं तो विचारत होता. आवाजात जरा नाराजी होती. मी म्हटलं, काढू नकोस. 'अनेक नाटकांतून' खोड आणि 'एका नाटकात' लिही. गाजवलं वगैरे लिहू नकोस.

तो म्हणाला, मावशी, परवा तर तुम्ही म्हणालात एकाही नाही. कुठलं नाटक, कधी झालं, बाबा तर कधी बोलले नाहीत. कोणी बघितलं होतं का?

मी म्हटलं, मी होते. मी जागी आहे हे तिला माहीत होतं, म्हणून तर ती बोलली.